पहिला विंचू

ॲरिझोनात विंचवाचे दोन धंदे तेजीत चालतात. एक, घरातला विंचू बाहेर काढण्याचा; दुसरा, बाहेरचा विंचू घरात आणून देण्याचा. फिनिक्सच्या आसपास, म्हणजे चँडलर, गिल्बर्ट, मेसा अशा गावांत राहणारा मराठी माणूस पहिल्या धंद्याचं गिऱ्हाईक असतोच. नवं घर घेतल्यावर वास्तुशांत आणि पेस्ट कंट्रोल ही दोन कार्यं लागोपाठ उरकायची असतात. आधी कोणतं, यावरून काय तो नवरा-बायकोत वाद. दुसऱ्या धंद्याचं गिऱ्हाईक व्हायला मात्र घरात नववीतली मुलगी असावी लागते.

आमच्या घरात ती आहे. कुत्रा म्हटलं की फिरवणं आलं, मांजराची तिच्या आईला ॲलर्जी, आणि मासे म्हणजे तिच्या मते भिंतीवरचं कॅलेंडर. तेव्हा तिला विंचू हवा होता. आवाज नाही, वास नाही, लस नाही, फिरवणं नाही, सुट्टीत शेजाऱ्यांच्या पाया पडणं नाही. मोठा विंचू आठवड्याला एखादा-दुसरा किडा खातो आणि वेळ आली तर महिनोन्‌महिने उपाशी राहतो. तिने हे सगळं इतक्या पद्धतशीरपणे मांडलं की असं लेकरू विंचवाऐवजी आपल्याला का झालं नाही, असं क्षणभर मलाच वाटून गेलं.

माझी आई तेव्हा इथेच होती. ती पोलादपूरकडची. दरवर्षी थंडीतच येते, कारण इथला उन्हाळा हा तिला कोकणातल्या माणसाचा अपमान वाटतो. नातीची मागणी ऐकून तिने एकच प्रश्न केला, "विंचू? विकत?" विंचू पाळण्याला तिची फारशी हरकत दिसली नाही. पैसे देऊन आणण्याला होती. आमच्या मागच्या अंगणात जी वस्तू फुकट मिळते तिच्यासाठी डॉलर मोजायचे, हे तिच्या हिशेबात बसेना.

पण खरी मेख तिथेच आहे. अंगणात फुकट मिळतो तो विंचू नवशिक्याने चुकूनही पाळायचा नसतो. तो बार्क स्कॉर्पियन. अंगाने फिकट गव्हाळ, जेमतेम सात-आठ सेंटिमीटर, काडीसारखे आकडे, बारीक शेपटी. अगदी कुपोषित वाटावा असा. आणि अख्ख्या अमेरिकेत ज्याचं विष माणसाच्या जिवावर बेतू शकतं असा विंचू हा एकटाच. त्याच्याशेजारी दुकानातला एम्परर स्कॉर्पियन ठेवून पाहावा. काळा कुळकुळीत, वीतभर लांब, खेकड्यासारखे दणकट आकडे, अंगावर काटा आणणारा. त्याचा डंख मधमाशीच्या डंखाइतका. सिनेमात खलनायक ज्याच्या अंगावर विंचू सोडतो, त्याच्या अंगावर बहुतेक वेळा हाच बिचारा सोडलेला असतो, कारण नटाचाही विमा असतो. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण ज्याने काढली त्याच्या पायताणात नक्की काहीतरी निघालेलं असणार.

या शास्त्रातला पहिला धडा हाच. आकडे जाड आणि शेपूट बारीक, तर विंचू बहुधा गरीब. आकडे नाजूक आणि शेपूट जाड, तर लांबून नमस्कार. कारणही सरळ आहे. ज्याला आकड्यांनी भक्ष्य चिरडता येतं त्याला जालीम विषाची गरज कमी. ज्याच्या आकड्यांत दम नाही तो सगळी भिस्त नांगीवर ठेवतो. नियमाला अपवाद आहेत, बारीक शेपटीचा आमचा बार्क त्यातलाच, पण नवशिक्याने आकड्यांकडे पाहावं. आमच्या ऑफिसातही मला हा नियम बऱ्यापैकी लागू पडलेला आहे. टेबलावर मूठ आपटणाऱ्या साहेबाने कधी कुणाची नोकरी घालवलेली नाही.

आईला मात्र या धड्याची गरज नव्हती. महाड-पोलादपूरच्या माणसाला बारीक विंचवाची जात शिकवावी लागत नाही. कोकणातला तांबडा विंचू असाच लहानखुरा, आणि जगातल्या सर्वांत घातक विंचवांत त्याची गणना होते. त्याचं विष हृदयावर आणि फुप्फुसांवर जातं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाने गाठलेल्या आणि विष अंगभर भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी केल्या, 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिले, आणि प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यूंचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आई त्यांचा उल्लेख 'आपले बावस्कर' असा करते. इथे आल्यावर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव तिने चष्मा लावून वाचलं होतं. ती प्राझोसिन नाही हे कळल्यावर तिचा अमेरिकन वैद्यकावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तिला मी इथली व्यवस्था समजावून सांगितली. पूर्वी टेंपीच्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत बकऱ्यांच्या रक्तापासून बार्क स्कॉर्पियनवरचं प्रतिविष बनवत. ते बंद झालं. मग ऑगस्ट 2011 मध्ये मेक्सिकोत तयार होणाऱ्या ॲनास्कॉर्पला अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध उत्तम, तेव्हा मेक्सिकोत एक कुपी शंभरेक डॉलरना मिळे. 2012 साली फिनिक्सजवळच्या एका बाईंना अशा दोन कुप्या टोचल्या आणि रुग्णालयाने बिल पाठवलं 83,000 डॉलरच्या वर. ते वर्तमानपत्रांत गाजलं. आईने मनातल्या मनात रुपये केले, आणि मग बराच वेळ बोलली नाही. तसं पाहिलं तर धडधाकट माणसाला हा विंचू डसला तर बहुधा औषध लागतही नाही. वेदना, मुंग्या, बधिरपणा, दिवसभर तळमळ, आणि मग बरं वाटतं. जपायचं ते लहान मुलांना. तरीही आमच्याकडे सगळे जण बूट झटकल्याशिवाय पाय घालत नाहीत. विष परवडतं, बिल परवडत नाही.

तर अंगणातला बाद. मग उरले दुकानातले.

एम्परर हा पूर्वी नवशिक्यांचा हमखास पहिला विंचू. घाना, टोगो, बेनिन अशा पश्चिम आफ्रिकी देशांतून तो पोत्यांनी येई. इतका पकडला गेला की 1995 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. आता तो दुर्मीळ आणि म्हणून महाग. गरीब स्वभावाचा माल महाग झाला की बाजार काय करतो? त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा आणतो.

हा दुसरा म्हणजे एशियन फॉरेस्ट स्कॉर्पियन. तोही काळा, तोही जाड आकड्यांचा, किंमत कमी. बहुतेक थायलंड-मलेशियाकडून आलेला. स्वभावाने थोडा तापट, पण डंख तसाच मधमाशीच्या तोलाचा. या कुळाची भाऊबंदकी भारतातही आहे. इतकी की 2020 साली शास्त्रज्ञांनी एकत्र कुटुंब मोडून वाटण्या केल्या आणि नव्या शाखांना नावं दिली त्यांत एक डेक्कनोमेट्रस आणि दुसरी सह्याद्रिमेट्रस. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग आपल्यातलाच बघा की एखादा." विंचवाच्या बाबतीतही ती घाटावरचा की घाटाखालचा, हे बघणार अशी चिन्हं दिसू लागली.

तिसरा डेझर्ट हेअरी. हा अस्सल ॲरिझोनाचा. उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा विंचू, पाच-साडेपाच इंचांपर्यंत वाढणारा, पिवळसर अंग, गडद पाठ आणि अंगभर राठ केस. वाळवंटात दोन-अडीच मीटर खोल बीळ खणतो. डंख दुखतो पण जिवावर येत नाही. कोरड्या हवेचा असल्याने त्याला दमटपणा पुरवत बसावं लागत नाही. फिनिक्सची हवा आहे तशी पुरते. सर्व बाजूंनी सोयीचा, शिवाय स्थानिक. पण चिडका. पेटीचं झाकण उघडलं की आकडे पसरून, शेपूट उभारून जे काही ध्यान करतो ते पाहून भाडेकरूच्या दाराशी गेलेला घरमालक आठवावा.

चौथा दक्षिण आफ्रिकेतला फ्लॅट रॉक. दगडांच्या फटींत राहून राहून चपटा झालेला. विष सौम्य, आणि सवय अशी की फट सापडली की बाहेर यायचं नाव नाही. तो विकत घेणं म्हणजे दगड विकत घेणं.

पाचवा डेथस्टॉकर. वाळूच्या रंगाचा, मध्यपूर्वेतला, जगातल्या जालीम विंचवांपैकी एक. तोही या देशात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात टेबलावर, झाकणाच्या इवल्याशा डबीत मिळू शकतो. बऱ्याच राज्यांत विंचवाला परवाना लागत नाही. न्यूयॉर्क शहरात मात्र विंचू पाळायला सरसकट बंदी आहे. तिथल्या मराठी बापांचा मला हेवा वाटतो. पोस्टाचा कायदाही मजेशीर आहे. विषारी प्राणी टपालाने धाडायला मनाई, अपवाद फक्त जिवंत विंचवांचा. तेही वैद्यकीय संशोधनासाठी किंवा प्रतिविष बनवण्यासाठीच. खोक्यात खोकं घालायचं आणि बाहेर स्वच्छ अक्षरांत लिहायचं, 'जिवंत विंचू'. आमच्या पोस्टमनला दिवाळीच्या चकल्यांच्या खोक्याचाच संशय येतो, तेव्हा या खोक्याचं तो काय करेल ते बघायला मला आवडलं असतं.

जात ठरण्याआधी घर ठरलं. विंचवाच्या पेटीत तीन-चार इंच माती लागते, आणि दमट हवेच्या विंचवाला त्यासाठी काथ्याचा भुसा. तो विटेच्या आकारात दाबून विकतात. पाण्यात टाकली की वीट फुगून बादलीभर होते. आईने ती वीट हातात घेतली, वास घेतला, कोपऱ्यातलं किमतीचं लेबल पाहिलं. "हा काथ्या?" तिने विचारलं. पोलादपूरला ज्याचा धूर करून डास घालवतात ती वस्तू विंचवाच्या गादीसाठी सात समुद्र ओलांडून आली होती. तिला आपल्या गावाचा अभिमान वाटला की दुनियेची कीव आली, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. शिवाय लपायला झाडाची साल, पाण्याची उथळ वाटी, आणि घट्ट झाकण. झाकणाबद्दल आईने स्वतः आग्रह धरला. त्यावर वरवंटा ठेवायचीही तिची तयारी होती.

खाद्य म्हणजे रातकिडे. ते दुकानात आकारावर मिळतात, आणि विंचवापेक्षा जास्त सांभाळावे लागतात. त्यांना खायला घालायचं, पाणी द्यायचं, आणि त्यांच्या गायनाची तक्रार रात्रभर ऐकून घ्यायची. विंचू गप्प असतो म्हणून आणायचा आणि त्याच्या डब्यातल्या जेवणाने घर जागं ठेवायचं, हा या छंदाचा अलिखित नियम आहे. एका ओळखीच्यांकडे मी हे जेवण प्रत्यक्ष पाहिलं. पेटीत रातकिडा सोडला. विंचू सालीखाली आकडे तेवढे बाहेर काढून बसलेला. रातकिडा इकडे फिरला, तिकडे फिरला, विंचवाच्या पाठीवर चढला, तिथे बसून त्याने आपल्या मिशा साफ केल्या. विंचू हलला नाही. आम्ही सहा माणसं श्वास रोखून उभी. बऱ्याच वेळाने रातकिडा खाली उतरला आणि आकड्यासमोरून निघाला, तेव्हा काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. रातकिडा होता आणि मग आकड्यात होता. यजमान म्हणाले, "आज फारच ॲक्टिव्ह आहे."

हौशी लोक याला कंटाळत नाहीत, कारण त्यांच्याकडे काळ्या प्रकाशाचा टॉर्च असतो. अतिनील किरणांत विंचू निळसर-हिरवा चमकतो. त्याच्या कवचाच्या वरच्या थरातली द्रव्यं ते किरण शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. नुकती कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, आणि दारूच्या बाटलीत वर्षानुवर्षं ठेवलेला मेलेला विंचू चमकतो. असा टॉर्च घेऊन मुलगी एका रात्री मागच्या अंगणात गेली. आमची ती सिमेंटच्या विटांची भिंत, जिच्याकडे मी चहा पीत रोज बघतो, तिच्यावर हिरवे ठिपके लागलेले. एक फटीपाशी, एक नळाखाली, दोन शेजाऱ्यांच्या बाजूने उलटे लटकलेले. पेस्ट कंट्रोलवाला दर महिन्याला फवारणी करून जातो, पण विंचवावर फवाऱ्याचा परिणाम बेताचाच. मरतात ते त्याचे किडे, तो नव्हे. बँकेच्या कार्डाच्या जाडीच्या फटीतून तो आत येतो. मुलगी म्हणाली, "बघ, आपण आधीपासून पाळतोच आहोत." यावर मला उत्तर सुचलं नाही. मी नांगी टाकली.

मग पुस्तकं वाचणं आलं. त्यातून कळलं की रानात पकडलेली मादी पुष्कळदा गाभण असते. विंचू अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. वीस-पंचवीस पांढरी पिल्लं आईच्या पाठीवर चढून पहिली कात टाकेपर्यंत तिथेच मुक्काम करतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हे. एच-वन व्हिसावर न्यू जर्सी, टेक्सस, ओरेगन करत इथे येऊन पोचलेल्या आमच्या मित्रमंडळींना या मादीविषयी विशेष आपुलकी वाटली. तिचं बिऱ्हाड निदान एका फेरीत तरी हलतं.

इतकं झाल्यावर मुलीचं मत डेझर्ट हेअरीवर स्थिरावलं. देशी, मोठा, केसाळ, चिडका. म्हणजे त्या वयात ज्या ज्या गोष्टी आवडतात त्या सगळ्या त्यात होत्या. मीही राजी होतो. आई काथ्याची वीट भिजवायला बसली होती, तिने सहज विचारलं, "जगतो किती?"

घरात एवढी चर्चा झाली, विष, किंमत, दमटपणा, कायदा, पण हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. विंचू हा किड्यासारखा किडा, दोन पावसाळे बघेल, असं आम्ही गृहीत धरलेलं. एशियन फॉरेस्ट सात-आठ वर्षं जगतो. डेझर्ट हेअरी पंधरा-वीस वर्षं काढू शकतो. विंचू पृथ्वीवर सुमारे 43 कोटी वर्षं आहेत, आणि त्यांनी ती घाई न करता काढलेली आहेत.

मी आकडेमोड केली. मुलगी नववीत. चार वर्षांनी कॉलेज. कॉलेजच्या वसतिगृहात पोळ्या भाजायचा तवा चालत नाही, विंचू कुठून चालणार? म्हणजे चौथ्या वर्षापासून पुढे तो केसाळ, चिडका, अडीच मीटर बीळ खणण्याची ईर्षा बाळगणारा प्राणी आमच्याकडे. मुलीचं कॉलेज होईल, नोकरी लागेल, लग्न ठरेल, आणि मी साठीत, रक्तदाबाची गोळी घेऊन, चिमट्याने रातकिडा धरून, पेटीपाशी उभा. नवशिक्याने कोणता विंचू पाळावा या विषयावर जी पुस्तकं आहेत, त्यांत नवशिक्या म्हणजे दहा-पंधरा वर्षांचा उत्साही जीव धरलेला असतो. खरा नवशिक्या त्याच्यामागे पैशाचं पाकीट घेऊन उभा असतो. निवड त्याच्या मानाने करायला हवी: डंख सौम्य, खाणं बेताचं, स्वभाव गप्प, आणि मुक्काम कमीत कमी. म्हणजे एशियन फॉरेस्ट. तरी तीन-चार वर्षं माझ्या वाट्याला येतातच, पण निदान पेन्शनच्या आत सुटका.

मुलीला हे कारण सांगायचं नव्हतं. तिला मी सांगितलं की त्याचे आकडे छान आहेत, रंग काळा आहे, आणि तो सह्याद्रिमेट्रसचा चुलतभाऊ लागतो. तिला शेवटचं कारण पटलं. आपल्या मुळांशी नातं जोडणं हा विषय तिला शाळेत प्रोजेक्टला होता.

दुकानात तिने पेट्या पाहिल्या, प्रश्न विचारले, एक निवडला. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कुणासाठी?" मुलगी म्हणाली, "माझ्यासाठी." तो तिच्याकडे बघून छान हसला, आणि निगा राखण्याच्या सूचनांचा कागद काढून माझ्या हातात दिला.